नमुना कोणी बदलला?

६ फेब्रुवारी

नवं औषध आज पहिल्यांदा टाकीत ओतलं आणि कापडाने रंग असा ओढून घेतला की मी बघतच राहिले.

रंगाच्या पाण्यात जे जे पातळ घालायचं त्याला आमच्या रंगशाळेत 'औषध'च म्हणतात, मामंजींपासूनची पद्धत. सुती कापड बिचारं भोळं, द्याल तो रंग पिऊन टाकतं. पॉलिएस्टर म्हणजे दारं-खिडक्या लावून आत बसलेला माणूस. मोठ्या कारखान्यांत बंद यंत्रं असतात, दाबाखाली पाणी उकळीच्याही वर तापवतात, तेव्हा तो दार उघडतो. आमच्या टाक्या उघड्या. पाणी उकळलं की संपलं. म्हणून आजवर आम्ही फिकट रंगच करत आलो आणि गडद कामाला लांबून नमस्कार. हे औषध धाग्याला फुगवतं, सैल करतं, आणि रंग आत शिरतो.

आणणारा विक्रेता मला मुळीच आवडला नाही. भावजी त्याला 'गुळगुळीत' म्हणतात, केसांपासून बोलण्यापर्यंत. पण औषध चोख आहे, हे मान्य करायला हवं. त्याच्या जोरावर भावजींनी एका वाहतूक कंपनीच्या चालकांच्या गणवेशाचं काम घेतलंय. नेव्ही निळा, वर्षभर. "हे जमलं तर आपण तरलो, वहिनी," म्हणाले. जमलं नाही तर काय, ते बोलले नाहीत. शेजारची रंगशाळा बंद होऊन तिथे लग्नाचं सामान भाड्याने मिळतं, ते रोज दिसतंच.

वास मात्र डांबराच्या गोळ्यांचा. टाकीवरचा लंबू म्हणाला, "बाई, आता टाकीत झुरळ पडायचं नाही."

ताग्याचा तुकडा आणि कंपनीचा मूळ नमुना खिडकीशी धरून पाहिला. जुळी भावंडं. मी "पास" म्हटलं. इथे तो शब्द फक्त मी म्हणते, आणि कोणता रंग किती घालायचा तेही मीच ठरवते. मामंजींनी मुलांना हिशेब दिला आणि सुनेला नजर दिली, असं हे गमतीने म्हणतात.

२१ फेब्रुवारी

कापडावर काळे ठिपके. दोन दिवस डोकं धरून बसलो. शेवटी मीच वर पाहिलं. छताच्या पंख्याच्या पेटीत वाफ गार होते आणि औषधाचे थेंब खाली गळतात. पंखा बंद करवला, गार वाऱ्याच्या खिडक्याही लावून घेतल्या. नंतरचे तागे निर्मळ निघाले. भावजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही नसता तर!"

लंबूचे डोळे चुरचुरतात म्हणे. म्हटलं, "बायका रोज कांदा चिरतात, त्यांनी काय करावं?" तो हसला. भला माणूस आहे. टाकीपाशी मी आणि तो, दिवसभर दोघंच.

१७ मार्च

गुळगुळीतने आमच्या तोंडाला पानं पुसली, अशी माझी खात्री झालीय. नव्या पिंपाला वासच नाही! पाणी घातलंय, दुसरं काय. आज तो आला तेव्हा त्याच्यासमोर झाकण उघडलं आणि म्हटलं, "घ्या वास." त्याने चटकन रुमाल नाकाला लावला आणि दोन पावलं मागे सरला. कसलं नाटक! जाऊही लगेच खोकायला लागली. तिने कशाला त्याची बाजू घ्यावी?

रंग मात्र पूर्वीसारखाच चढतोय. म्हणजे अजून थोडंच पाणी घातलं असेल. लक्ष ठेवायला हवं.

घरी यांनी वेगळंच काढलं. "तुझ्या केसांना जुन्या कपाटाचा वास येतो." हे गणिताचे मास्तर, यांना आयुष्यात कधी कसला वास आला नाही, आणि आत्ताच बरा आला. लेक जेवताना खुर्ची सरकवून लांब बसली. विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं आई, डोकं दुखतंय." डोकं तर माझंही दुखतं.

२ एप्रिल

भावजींनी आपलं टेबल टाकीघराच्या शेजारच्या खोलीतून उचलून रस्त्याकडच्या खोलीत नेलं. जाऊचं घडीचं टेबलही तिकडेच. मध्ये भिंत, वर दाराला नवी कडी. मला सांगितलं ते सामान हलल्यावर.

"इकडे उजेड बरा आहे, वहिनी."

इतकी वर्षं उजेड बरा नव्हता वाटतं. आता दोघं काय बोलतात ते मला ऐकू येत नाही. कदाचित तेवढ्यासाठीच.

१५ एप्रिल

वाईट दिवस. कंपनीच्या खरेदीदार बाईंनी तीन तागे परत पाठवले. सोबत निरोप: नेव्ही नाही, हिरवट आहे.

मी पास केलेले तागे! भावजींनी टेबलावर उलगडले. मी मूळ नमुना आणला, कपाटातून, किल्ली माझ्याच कमरेला असते. शेजारी ठेवला. तसूभर फरक नाही. मी म्हटलं, "या बाईंना भाव पाडून हवाय. काम दुसरीकडे द्यायचंय, म्हणून ही कुरबूर."

भावजी कापड घेऊन दाराबाहेर उन्हात गेले. परत आले. मग त्यांनी जावेकडे पाहिलं, तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोघांनीही मान खाली घातली.

ती नजरानजर मला आवडली नाही. पंचवीस वर्षं या घरात आहे, कुणाची मान कशासाठी खाली जाते ते मला कळतं.

१६ एप्रिल

रात्री विचार करून एक गोष्ट सुचली. दिवा! एकाच कापडाचा रंग दिव्याखाली एक आणि उन्हात दुसरा दिसतो, हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझ्या टेबलावरच्या दिव्याची नळी कुणी बदलली का? वायरमनला विचारलं. तो म्हणाला, "तुम्हीच जानेवारीत बसवून घेतली, बाई, तीच आहे." शिडी लावून तारीख पाहिली. तीच होती.

मग बदललं काय? उरला तो नमुना.

२८ एप्रिल

गेल्या आठवड्यात नमुन्याच्या कोपऱ्यात आतल्या बाजूला दोन टाके घातले, पांढऱ्या दोऱ्याचे, फक्त मला ओळखू येतील असे. रोज तपासते. टाके जागच्या जागी.

म्हणजे नमुना बदलत नाहीत, किंवा बदलणारा हात माझ्यापेक्षा हुशार आहे.

आज घरी आले तर लेकीने आपल्या खोलीची भिंत पांढरी करून घेतलेली. लिंबाच्या रंगाचा हट्ट तिचाच होता, आता मला न विचारता पांढरी. मी बोलले. ती म्हणाली, "आई, कुणी हात लावलाय भिंतीला? लिंबूच आहे की." आणि हसली. मी चिडले तर रडवेली झाली. घरातल्या पोरीलाही माझी चेष्टा करावीशी वाटायला लागलीय, का कुणी शिकवतंय?

जाऊ परवा दुपारी येऊन तिच्याशी बराच वेळ बोलत बसली होती, हे आजच कळलं.

९ मे

आता पुरावा आहे.

काल संध्याकाळी मी दोन तागे पास केले, कोरडे, घडी घातलेले. आज सकाळी लवकर गेले तर त्यातला एक ओला! दोरीवर वाळत घातलेला. लंबूला विचारलं, तो माझ्याआधी जाऊन माझ्यानंतरच आलेला, त्याला काही माहीत नाही. बॉयलरवाल्याला विचारलं तर तो कोळशाकडे बघत म्हणाला, "धाकट्या मालकांनी थांबायला सांगितलं होतं." कशाला? "मला काय विचारता, बाई, मी आग लावणारा माणूस."

आग लावणाराच.

मी घरी गेल्यावर टाकी चालते. माझे पास केलेले तागे पुन्हा पाण्यात जातात. कशासाठी? मला एकच कारण दिसतं. माझी कृती, माझं प्रमाण शिकून घ्यायचं, माझ्या ताग्यांत खोड काढायची, आणि एक दिवस म्हणायचं, वहिनी, आता तुम्ही घरी आराम करा. जाऊ गेल्या वर्षापर्यंत घड्या घालत होती. हल्ली रंगाच्या वाट्या धुता धुता प्रश्न विचारते. मीच उत्तरं देत आले.

१४ मे

मधल्या दाराशी उभी होते. ऐकायला म्हणून नव्हे, पण दार उघडायच्या आधी ऐकू आलं ते आलं.

जाऊ: "असं किती दिवस चालवायचं?"

भावजी: "काम पुरं होईपर्यंत. मग बघू."

जाऊ: "त्यांना कळलं तर?"

भावजी: "कळता कामा नये. वहिनी मोडून पडतील."

मोडून पडतील! मला मोडायचं ठरवूनच बसलेत की. मी दार न उघडता परत फिरले. वर जिन्यात पाय चुकला, कठडा होता म्हणून बरं. यांना काही सांगितलं नाही. हे शेवटी त्यांचेच भाऊ.

१९ मे

सापळा लावलाय. आज पास केलेल्या ताग्याचा तळहाताएवढा तुकडा कापून पर्समध्ये ठेवला. आज रात्री ते हा तागा पुन्हा पाण्यात घालणार म्हणजे घालणार. उद्या तुकडा आणि तागा शेजारी ठेवते, सगळ्यांसमोर. मग बघू कुणाची मान खाली जाते.

२० मे

ठेवले. सगळ्यांसमोर.

तागा सकाळी ओलाच सापडला; त्याचं टोक वाळवून घेतलं. मी भावजी, जाऊ, बॉयलरवाला, घडीवाली बाई, लंबू, सगळ्यांना बोलावलं. पर्समधला तुकडा ताग्यावर ठेवला. म्हटलं, "हा कालचा, मी पास केलेला. हा आजचा, तुमच्या करणीनंतरचा. एक आहेत. अगदी एक. मग रात्रीत टाकी कशासाठी पेटली, ते मला सांगा."

जाऊ पुढे आली. तिचा आवाज बारीक, नेहमीसारखा. "ताई, ते एक नाहीत."

"काय?"

"कालचा हिरवा आहे. चांगला हिरवा आहे, ताई. आम्ही तो पुन्हा टाकीत घालून निळ्यावर आणला. गेले कित्येक तागे तसेच आणतोय."

मी हसले. खरंच हसू आलं. डोळ्यांदेखत असं धडधडीत खोटं! मी घडीवालीला विचारलं. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "हिरवटच म्हणायचा, बाई." बॉयलरवाला म्हणाला, "मला रंगातलं कळत नाही, पण दोन आहेत." भावजी म्हणाले, "वहिनी, बसा जरा. पाणी आणा रे."

सगळे फितलेले. मग मी लंबूला पुढे ओढलं. त्याला कुणी विकत घेऊ शकत नाही, हे मी छातीठोकपणे सांगेन. "लंबू, तू सांग. घाबरू नकोस. काय दिसतं?"

त्याने तुकडा उचलला, ताग्यावर धरला, वाकून पाहिलं, उलटासुलटा केला. भावजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"एकच आहेत, बाई."

"बघा!" मी म्हटलं. "टाकीवर उभा राहणारा माणूस सांगतोय. ज्याला रंगातलं कळतं तो सांगतोय."

जावेने तोंडावर हात ठेवला. ती लंबूकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग बंद खिडक्यांकडे, आणि एकदम रडायलाच लागली. पकडली गेली की माणूस रडतंच. मी पर्स उचलून घरी आले.

मी जिंकले. मग जेवण का जात नाहीये?

२१ मे

आज कामावर गेले नाही. काल रात्री दोन्ही तुकडे यांच्यापुढे ठेवले (ताग्याचाही एक कापून आणला होता). यांना मी जन्मभर 'रंगातले ढ' म्हणत आले. चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाले, "एक निळा, एक हिरवट. इतकं तर मलाही दिसतं."

म्हणजे हेही. मी तुकडे उचलून उठले.

सकाळी दोन्ही तुकडे घेऊन बाहेर पडले. पर्समधल्या, मी पास केलेल्या तुकड्याला कोपऱ्यात दोऱ्याची गाठ मारली, म्हणजे कोणता कुठला हे बोटाला कळेल. बसने दूर गेले, जिथे भावजींना कुणी ओळखत नाही, मलाही नाही.

पहिला एक शिंपी. दुकानाच्या पायरीवर मशीन घेऊन बसलेला. विचारलं, "हे दोन्ही एकाच रंगाचे ना?" त्याने वर न बघताच म्हटलं, "छे." मग बघून म्हणाला, "अहो, यातला एक शर्टाला आणि दुसरा कॉलरला लावला तर गिऱ्हाईक शर्ट माझ्या तोंडावर फेकेल." "हिरवा कोणता?" त्याने गाठीचा तुकडा उचलला.

मनात आलं, शिंपी म्हटला की कापडवाल्यांशी संबंध असायचेच. भावजी कुठल्या तरी दुकानात याला भेटले असतील.

बसथांब्यावर एक बाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांना म्हटलं, "यातला निळा कोणता, सांगता का?" त्यांनी सरळ बिनगाठीचा दाखवला. मी हात पाठीमागे नेऊन अदलाबदल केली, पुन्हा पुढे केले. पुन्हा तोच. त्यांना ती काहीतरी गंमत वाटली, हसल्या. औषधाच्या दुकानातला माणूस. चपला शिवणारा. एक शाळेतली मुलगी, तिला तर मी दोन्ही तुकडे चुरगाळून दिले, तिने क्षणात वेगळे केले आणि म्हणाली, "हा नाही, हा. सोप्पंय."

मी तिला विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

ती घाबरून आईच्या मागे गेली. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथून निघाले.

बागेच्या कठड्यावर बसले. भर ऊन होतं, यापेक्षा चांगला उजेड कुठे मिळणार? दोन्ही तुकडे मांडीवर ठेवले. डोळे बारीक केले, मोठे केले, एक झाकून पाहिला, मग दुसरा. दोन तुकडे होते. रंग एकच होता.

इतक्या अनोळखी माणसांना कोण कशाला फितवेल? आणि कधी? मी आज कुठे जाणार हे मलाच सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं.

सगळ्या गावात माझ्यासारखं पाहणारा एकच माणूस आहे. तो माझ्या शेजारी, त्याच टाकीवर, त्याच वाफेत उभा असतो.

हे लिहायला मला संध्याकाळ लागली.

२२ मे

लेकीच्या खोलीत जाऊन भिंतीसमोर उभी राहिले. "लिंबू आहे ना?" तिला विचारलं. "हो आई." मी मान हलवली. ती मला मिठी मारायला आली आणि मी म्हटलं, "केसांना वास येत असेल." ती म्हणाली, "येऊ दे."

२६ मे

डोळ्यांचे डॉक्टर. लंबूलाही घेऊन गेले, तो नको नको म्हणत होता. "बाई, मला लांबचं स्पष्ट दिसतं, कावळा दिसतो." म्हटलं, कावळ्याचं नाही, रंगाचं.

डॉक्टरीणबाईंनी पेटीतून रंगीत टोप्या काढल्या, बटणाएवढ्या, आणि म्हणाल्या, रंगाच्या क्रमाने ओळीत लावा. असल्या कामात मी आयुष्य घालवलंय. भराभर लावल्या. इतकी ठाम होते की त्या पेटी उलटी करून मागचे आकडे बघायला लागल्या तेव्हा मी शाबासकीची वाट बघत होते. आकडे जिन्यावरून पडल्यासारखे होते. निळ्यात हिरवे, पिवळ्यात जांभळट. लंबूचे तसेच, थोडे कमी.

काय काम करता, कशात उभे राहता, खिडक्या, पंखा, सगळं विचारलं. पंख्याचं मी सांगितलं. कोणी बंद केला, तेही. लंबू म्हणाला, "कापडावर डाग पडत होते, डॉक्टर, बाईंनी कापड वाचवलं." तो माझी बाजू मांडत होता. मला मान वर करवेना.

डॉक्टरीणबाईंनी हातचं राखूनच सांगितलं. अशा वाफांनी असं होऊ शकतं. दूर राहिलात तर काही परत येईल, किती ते सांगता येत नाही, वयावरही असतं. आणि वास येईनासा झाला होता तो नाकाने हात टेकल्यामुळे, औषध पातळ झालं म्हणून नव्हे.

गुळगुळीतने निदान पाणी तरी घातलं असतं तर बरं झालं असतं.

२७ मे

जावेपुढे बसले. माफी मागायची म्हणून गेले होते, पण तोंडून आलं, "सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला?" ती म्हणाली. "ताई, या घरात रंगाबद्दल तुम्हाला कोण सांगणार? पहिल्यांदा मला वाटलं, माझीच नजर चुकतेय. महिनाभर मी स्वतःवरच शंका घेत होते. चुलीवर दूध बघून यांना विचारायचे, पांढरंच आहे ना?"

आम्ही दोघी हसलो, मग हसू थांबवता येईना, मग थांबलंच.

भावजी दारात उभे होते. त्यांना मी विचारलं, "टेबल का हलवलंत एप्रिलमध्ये?"

"हिला वासाने उलट्या व्हायच्या, वहिनी."

"तेव्हा लंबूबद्दल मनात आलं होतं?"

ते दाराची कडी चाचपत राहिले. मी पुन्हा विचारलं, "माझ्याबद्दल?"

"गुळगुळीतला विचारलं होतं मी. तो म्हणाला, नुसता वास आहे, अपाय नाही."

"आणि तुम्हाला ते पटलं?"

"पटवून घेतलं," भावजी म्हणाले. "काम पुरं व्हायचं होतं."

मान खाली गेली. १५ एप्रिलला गेली होती तशीच. मी तेव्हा ती बरोबर वाचली होती, फक्त कशासाठी गेली तेवढं चुकले. त्यांना टाकून बोलावं असं वाटलं, पण खिडक्या लावायला सांगणारं तोंड माझंच होतं.

१२ जून

गुळगुळीत आला. नवं औषध घेऊन आलाय, बिनवासाचं. "आता तक्रारच नको, मॅडम! काम तेच, वास नाही."

"वास नाही म्हणजे अपाय नाही?" मी विचारलं.

"अहो, जगभर वापरतात."

"त्यात काय काय आहे, ते कागदावर लिहून द्या, सहीनिशी."

त्याने कंपनीला विचारून सांगतो म्हटलं. मी म्हटलं, विचारा, आणि तोवर ही पिंपंही घेऊन जा. भावजी मध्ये बोलतील असं वाटलं होतं. ते उठले आणि लंबूसोबत पिंप ढकलायला लागले.

गणवेशाचं उरलेलं काम बंद यंत्रं असलेल्या एका मोठ्या कारखान्याला सोपवलं. आम्ही फक्त तपासून, घडी घालून पाठवतो. आमच्या हाती फार काही राहत नाही. खरेदीदार बाईंना मी स्वतः जाऊन खरं कारण सांगितलं. त्यांनी काम काढून घेतलं नाही, पुढच्या वर्षाचं वचनही दिलं नाही. आम्ही पुन्हा नायलॉनकडे वळलोय. नायलॉन साध्या उकळीला रंगतं. पंखा नवा बसवला, खिडक्या उघड्या. डाग पडला तर पडला.

शेजारी लग्नाच्या खुर्च्यांचा टेम्पो उभा होता. आम्ही अजून खुर्च्यांपर्यंत आलेलो नाही.

१८ ऑगस्ट

पुन्हा टोप्या लावल्या. लंबूच्या बऱ्याच सुधारल्या. तो दवाखान्यातून बाहेर पडताना प्रत्येक दुकानाच्या पाटीचा रंग मोठ्याने वाचत चालला होता, लोक वळून बघत होते. माझ्या फारशा हलल्या नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाट बघू. मी म्हटलं, बघू.

टाकीघरात गेले तर जाऊ राखाडी नायलॉन जुळवत होती. राखाडी हा महाबेरकी रंग, जरा कशाकडे कलला की बदनाम. ती म्हणाली, "ताई, पिवळट वाटतोय."

मला दोन्ही तुकडे सारखेच दिसत होते. "किती? चमचाभर की टिचभर?"

"टिचभराहून कमी."

"मग जांभळ्याच्या पाण्यात सुईचं टोक बुडव आणि झटक. जास्त नको, निळसर थंड पडेल."

तिने केलं, थांबली, कापड काढून पिळलं, वाळवलं, खिडकीशी नेलं. "आता बसला."

मी पाहिलं. आधीचा, आताचा, मूळचा, तिन्ही तुकडे मला एकसारखेच. तिने काहीच केलं नसतं तरी मला कळलं नसतं. ती मला खूश करायला म्हणत असेल का? की स्वतःचं खपवत असेल? सवय आहे, जात नाही.

"नक्की?" मी विचारलं.

"अहो, बघा ना..." ती म्हणाली आणि तिने जीभ चावली. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली, एवढं मला अजून दिसतं.

"पास," मी म्हटलं. "घाला टाकीत."

दुपारी तागा निघाला. मी उठून खिडकीशी गेले नाही. जावेला हाक मारून विचारलं, कसा आलाय. तिने सांगितलं, आणि मी ऐकून घेतलं.